आधी चित्रं बघ, मग आकडे
पेटंटचे खटले समजून घ्यायचेत ना? मग आयफोनची नक्कल केल्याच्या आरोपावरून झालेल्या ॲपल विरुद्ध सॅमसंग खटल्यापासून सुरुवात कर, पण बातम्यांतल्या आकड्यांना भुलू नकोस. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने सॅमसंगवर सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई बसवली. गाजावाजा झाला तो त्याचाच. २०१६ मध्ये अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, भरपाईसाठी सॅमसंगचा नफा अख्ख्या फोनवरच मोजायला हवा असं नाही, एखाद्या भागापुरताही मोजता येतो. २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने ५३.९ कोटी ठरवले आणि पुढच्याच महिन्यात तडजोड झाली.

डिझाइन पेटंटची, म्हणजे वस्तूच्या दिसण्यावरच्या हक्काची, चित्रं मात्र निवांत बघ. सलग रेषेत काढलेलं तेवढंच हक्काचं, तुटक रेषेतलं नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. आयफोनच्या गोल कोपऱ्यांच्या दर्शनी भागाच्या चित्रात किती सलग रेषा आहेत, बोट फिरवून बघ. निकालपत्र त्यानंतर उघड.