भीड भिकेची बहीण: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक वाक्य चार जणांनी लिहिलंय: "सांगायला कसंसंच वाटतं." गरज खरी आहे, माणसं वाईट नाहीत, तरी शब्द घशात अडकतात. मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून बरीच वर्षं काम केलं. दुखणं वाढलेलं मी जितकं आजारामुळे पाहिलं, जवळजवळ तितकंच भिडेमुळे पाहिलं.

प्रश्न: मला टाइप १ मधुमेह आहे. लग्नाला दीड वर्ष झालं. गौरीजेवणाच्या दिवशी आधी नैवेद्य, आरती, मग पुरुषांची पंगत, सवाष्णी आणि शेवटी आम्ही सुना. गेल्या वर्षी मी साडेबाराला इन्सुलिन घेतलं आणि पानावर बसायला पावणेतीन वाजले. मध्येच हातपाय थरथरायला लागले. फडताळातला गूळ काढून खाल्ला, तर नैवेद्याआधी तोंड उष्टं केलं म्हणून थोरल्या जाऊबाई सगळ्यांसमोर बोलल्या. यंदा काय करू? (वय २७, सातारा जिल्हा)

गूळ खाल्लात हे अगदी योग्य केलंत. त्याबद्दल मनात जी टोचणी राहिली आहे ती काढून टाका. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यायची. त्या वेळी मुहूर्त बघायचा नसतो.

आता यंदाचं. हे बोलणं गौरीच्या दिवशी करू नका. त्या दिवशी सासूबाईंच्या डोक्यात सोळा भाज्या आणि पुरणाचा घाट असतो. आठवडाभर आधी, सामानाची यादी करायला दोघी बसाल तेव्हा विषय काढा. नवऱ्याला शेजारी बसवा, पण बोलणं तुम्ही करा. त्यांनी तुमच्या वतीने सांगितलं तर ते 'बायकोचं ऐकतो'कडे वळतं आणि तुमची साखर बाजूलाच राहते.

साधारण असं म्हणता येईल: "आई, गौरीच्या दिवशी मला एक वाजता जेवावंच लागेल. नैवेद्याचं ताट वेगळं काढून झालं की मी माझं वाढून घेईन, आतल्या खोलीत जेवेन आणि लगेच पंगत वाढायला येईन. इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर मी चक्कर येऊन पडते."

यात वेळ आहे, काय करणार ते आहे, कारण आहे. "तुम्हाला त्रास होईल पण", "चालेल का बघा", "जमलं तर" यांतलं काहीही नाही. आपल्याला लहानपणापासून जमलं-तर लावून बोलायची सवय असते, आणि समोरच्याला खरंच वाटतं की नाही जमलं तरी चालेल. इथे चालणार नाही.

रीत मोडतेय असं मनात येऊ देऊ नका. कितीतरी घरांत नैवेद्य काढून ठेवला की लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजारी माणसाला आधी वाढतात. ही सवड रीतीतच आहे, तुम्ही फक्त ती आपल्यासाठी मागताय.

दोन गोष्टी आणखी करा. डॉक्टरांना विचारून इन्सुलिनची वेळ बांधून घ्या. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन घेतल्यापासून १०-१५ मिनिटांत काम सुरू करतं, म्हणून सणासुदीला ताट डोळ्यांसमोर आल्याशिवाय सुई टोचू नये. तुमचं इन्सुलिन मिश्र प्रकारचं असेल तर हिशेब वेगळा असतो, तोही विचारा. आणि जाऊबाईंना एकदा दुपारी निवांत असताना तुमचं साखर मोजायचं मशीन दाखवा. बोटावरचा रक्ताचा थेंब, पट्टी, पाच सेकंदांत आलेला आकडा. साखरेचा डबा कुठे ठेवलाय ते सांगा, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हेही सांगा. ज्या बाईने आकडा डोळ्यांनी पाहिलाय ती उष्ट्याबद्दल सहसा बोलत नाही. आणि बोललीच, तर "वहिनी, तेव्हा माझी साखर कमी झाली होती" एवढंच शांतपणे म्हणा. पुढे वाद घालू नका आणि माफीही मागू नका.

प्रश्न: मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावतो. साहेब बैठकीत खिडकीकडे तोंड करून बोलतात, वर पंख्याची घरघर. मी मान हलवत राहतो आणि मग चुका होतात. परवा 'साठ' अर्जांऐवजी 'आठ' लिहिले. सांगितलं तर 'याला काम झेपत नाही' असं होईल का? (वय ४४, विदर्भ)

साठ आणि आठ यांत फक्त एका 'स'चा फरक आहे. बऱ्याच श्रवणदोषांत नेमके हेच बारीक आवाज आधी जातात: स, श, फ, थ. म्हणून कोणी मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही. समोर तोंड करून, ओठ दिसतील असं बोललं की खूप फरक पडतो. तुमच्या साहेबांना हे माहीत असण्याचं काही कारण नाही. तुम्ही मान हलवता, म्हणजे त्यांच्या लेखी तुम्हाला सगळं ऐकू आलेलं असतं.

झेपत नाही असा शिक्का चुकांमुळे बसतो. तो बसायच्या आत त्यांना केबिनमध्ये एकटे भेटा: "साहेब, मला कमी ऐकू येतं. बैठकीत मी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसेन, आणि आकडे, तारखा तेवढ्या फळ्यावर किंवा ग्रुपवर लिहून मिळाव्यात." परवाच्या चुकीचा दाखला स्वतःहून द्या. मागणी कशासाठी आहे ते त्यातून लगेच कळतं.

एवढ्याने भागलं नाही तर लेखी अर्ज करा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यायची असते. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवणं शहाणपणाचं, पण खुर्ची बदलून मागायला कुठलाच दाखला लागत नाही. त्यासाठी थांबून राहू नका.

प्रश्न: तिसरा महिना चालू आहे, रोज कल्याणहून लोकलने जाते. पोट दिसत नाही, त्यामुळे सीट मागायची लाज वाटते.

मागा. "मला तिसरा महिना आहे, बसायला द्याल का?" असं एका बाईकडे बघून विचारा. अख्ख्या डब्याला उद्देशून बोललं की प्रत्येकीला वाटतं दुसरी उठेल. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रियांनाही प्रवास करता येतो. रुग्णालयाचा कागद मात्र पर्समध्ये असू द्या.

प्रश्न: वडिलांना (७१) घेऊन तज्ज्ञ डॉक्टरांकडे जातो. आत पाच मिनिटंही मिळत नाहीत. बाहेर आल्यावर आठवतं की मुख्य गोष्ट विचारायचीच राहिली. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय, पण यांना राग येईल. (पुणे)

आदल्या रात्री वडिलांसोबत बसून तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहा. तीनच. त्यातला ज्याने झोप उडालीय तो सर्वांत वर. आत गेल्या गेल्या चिठ्ठी टेबलावर ठेवा आणि "डॉक्टर, आमचे तीन प्रश्न आहेत" असं म्हणा. लिहिलेला कागद समोर असला की डॉक्टरही ओळीने उत्तरं देतात, हे मी असंख्य वेळा पाहिलंय. शेवटी, "म्हणजे ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि ती जुनी बंद, बरोबर?" असं आपल्या शब्दांत परत म्हणून घ्या. आणि पहिला प्रश्न वडिलांना विचारू द्या. शरीर त्यांचं आहे.

दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आलाच, तर तो तुम्ही सांभाळत बसायची गरज नाही. "उपचाराचा निर्णय मोठा आहे, आम्ही आणखी एकांना दाखवून येतो, रिपोर्टच्या प्रती द्या" एवढं पुरे. रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्यात, असं भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच आहे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) आहे, प्रमाणपत्र आहे. शाळेत प्रत्येक सवलतीसाठी मीच भांडले. आता तो म्हणतो, "आई, तू येऊ नकोस, मला लाज वाटते." पण तो स्वतः तोंड उघडत नाही. (ठाणे)

तुम्ही भांडलात म्हणून तो इथवर आला. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचा दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांत समावेश २०१६ साली झाला. त्याच्याही आधीपासून सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी आपल्या मुलांसाठी रांगा लावणाऱ्या आया मला माहीत आहेत. तुमचा थकवा मला कळतो.

पण मुलाचं बरोबर आहे. पुढे कॉलेजात, नोकरीत तुम्ही नसणार. बोर्डाचा अर्ज, प्रमाणपत्राच्या प्रती, मुख्याध्यापकांची सही हे कागद यंदाही तुम्हीच बघा, तिथे चूक परवडणारी नाही. वर्गातली मागणी मात्र त्याच्या हातात द्या. चाचणी परीक्षेपासून सुरुवात करा. आधी त्याला त्याची अडचण त्याच्याच शब्दांत सांगू द्या. "मला डिस्लेक्सिया आहे" म्हणून भागत नाही, कारण समोरच्या शिक्षकाला त्यावरून काय करायचं ते कळत नाही. "सर, मला उत्तर येतं, पण वाचायला वेळ लागतो. मला तासाला वीस मिनिटं जादा मंजूर आहेत, मी कुठे बसू?" यात सरांना करण्यासारखं काहीतरी आहे. घरी दोन-चारदा म्हणून बघा. तुम्ही सर व्हा, थोडे घाईतले, थोडे त्रासलेले, कारण परीक्षेच्या दिवशी सर तसेच असतात.

पहिल्यांदा तो अडखळेल, वाक्य अर्धं सोडेल आणि तुमच्याकडे बघेल. तेव्हा ते वाक्य तुम्ही पुरं करू नका.