घरातला पहिला पदवीधर: मोजायचं कुणाला, सोडायचं कुणाला?

अमेरिकेतल्या प्रवेश अर्जांचा हंगाम सुरू झाला की ‘फर्स्ट जनरेशन’ या शब्दाबद्दल पत्रं येऊ लागतात. बहुतेकांचा गोंधळ एकाच जागी होतो. ‘आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारी ही पहिलीच’ हे घरात बोलायला ठीक आहे, अर्जातला हिशेब मात्र वेगळा असतो.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे आणि अमेरिकेत पदवीसाठी अर्ज भरते आहे. मी एस. वाय. बी. कॉम.ला कॉलेज सोडलं. तिची आई डी. एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ मात्र इंजिनिअर आहे, मुलीचा मोठा भाऊही बी. ई. झाला. मग ती फर्स्ट जनरेशन कशी?
– एक वाचक, लातूर

उत्तर : तरीही ती फर्स्ट जनरेशनच. काका आणि सख्खा भाऊ या मोजणीत येतच नाहीत. अमेरिकेचा उच्च शिक्षण कायदा 8 नोव्हेंबर 1965चा. त्यात 1980च्या दुरुस्तीने आलेली व्याख्या बहुतेक महाविद्यालयं थोड्याफार फरकाने वापरतात. तिचा अर्थ असा की आई आणि वडील या दोघांपैकी कुणीही बॅचलर पदवी पूर्ण केलेली नसावी. यात ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. तुम्ही दोन वर्षं कॉलेजात काढली, पण पदवी हाती आली नाही, म्हणजे ती मोजायची नाही. डी. एड. ही पदविका आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, डी. फार्म., आयटीआय यांचंही तेच. मात्र आईने नोकरी सांभाळून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं असेल, तर उत्तर बदललं. मुक्त विद्यापीठाची पदवी ही पदवीच आहे. ‘बाहेरून केलंय, ते काय सांगायचं’ म्हणून ती वगळू नका. शिक्षकांच्या घरात हे फार होतं, कारण बढतीसाठी पुढे बी. ए., बी. एड. केलेलं असतं आणि अर्ज भरताना ते कुणाला आठवत नाही.

आता प्रत्यक्ष भरायचं कसं? कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक अमेरिकन महाविद्यालयांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज. त्याच्या कुटुंबाच्या विभागात आई आणि वडील यांचं शिक्षण वेगवेगळं विचारतात. यादीतून पर्याय निवडायचा असतो. तुमच्यासाठी ‘सम कॉलेज/युनिव्हर्सिटी’ हा पर्याय, म्हणजे कॉलेजात गेले पण पदवी नाही. आईसाठी ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम ट्रेड स्कूल ऑर कम्युनिटी कॉलेज’ हा सर्वांत जवळचा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे डी. एड.चं प्रमाणपत्र ‘अध्यापक महाविद्यालया’चं आहे म्हणून आईपुढे ‘ग्रॅज्युएटेड फ्रॉम कॉलेज’ निवडणं. तेवढ्या एका क्लिकने मुलगी फर्स्ट जनरेशनमधून बाहेर पडते, कारण महाविद्यालय या उत्तरांवरूनच ठरवतं. भावंडांची माहितीही त्याच विभागात भरायची असते. मोठ्या मुलाची बी. ई. तिथे खुशाल लिहा, तिने काही बिघडत नाही. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात दोन ओळी पुरतात : वडिलांनी पदवी का सोडली आणि आईची पदविका किती वर्षांची. करुण कहाणी नको.

आणखी एक. फर्स्ट जनरेशन असणं आणि आर्थिक मदत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मदतीसाठी उत्पन्न दाखवावं लागतं : पगाराचा फॉर्म 16, आयकर विवरणपत्र, शेती असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. कमी शिकलेल्या, पण चांगला धंदा करणाऱ्या बापाचा मुलगाही फर्स्ट जनरेशन असू शकतो, पण त्याला मदत मिळेलच असं नाही.

प्रश्न : आम्ही दोघं नागपूर विद्यापीठाचे बी. कॉम. मुलगा इथेच जन्मला. अमेरिकन कॉलेजात जाणारा आमच्या घरातला तो पहिला. त्याच्या शाळेतले मित्र म्हणतात, ‘तू फर्स्ट जेन आहेस.’ शिवाय आमची पदवी तीन वर्षांची, इथली चार वर्षांची.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : नाही. मित्र दोन शब्दांची गल्लत करताहेत. तो स्थलांतरितांच्या घरात जन्मलेला आहे, ती ‘जनरेशन’ वेगळी. या व्याख्येत पदवी कोणत्या देशातली, हे पाहत नाहीत. नागपूरची पदवी ओहायोच्या पदवीइतकीच मोजली जाते.

तीन वर्षांचा मुद्दा आम्हाला पळवाटीसारखा वाटतो. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या काही संस्थांच्या शब्दांत ‘चार वर्षांच्या कॉलेजची पदवी’ असं येतं, हे खरं. पण तो शब्द तिथल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजहून वेगळेपण दाखवायला आहे, वर्षं मोजायला नव्हे. तीन वर्षांच्या बी. कॉम.वर मास्टर्सला प्रवेश द्यायचा की नाही, हा तिथल्या विद्यापीठांचा स्वतंत्र वाद आहे, त्याचा इथे संबंध नाही. शंका उरलीच तर प्रवेश कार्यालयाला ई-मेल पाठवा, लेखी उत्तर घ्या आणि जपून ठेवा.

पदवी लपवण्याचा सल्ला देणारे सल्लागारही असतात. मुलाने अर्जाखाली ‘माहिती खरी आहे’ अशी सही केलेली असते आणि खोटं निघालं तर दिलेला प्रवेशही काढून घेतात. शिवाय तुमच्यापैकी कुणी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलं असेल, तर त्या व्हिसाची अटच मुळी बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता ही आहे. कागद आधीच बोललेले असतात.

प्रश्न : मी आठ वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. वडील एम. ए. आहेत, पण संपर्क नाही, खर्चही देत नाहीत. मी आईकडे वाढले, आई दहावी. मी ग्रीन कार्डधारक आहे. वडिलांमुळे माझी संधी जाते का?
– एक विद्यार्थिनी, टेक्सास

उत्तर : कायद्याने जात नाही. तुम्ही नियमितपणे एकाच पालकाकडे राहत असाल आणि त्याच पालकाचा आधार असेल, तर फक्त त्याच पालकाची पदवी पाहायची, असं कायद्यातच म्हटलं आहे. वडिलांचं शिक्षण अर्जात विचारलं, तर माहीत असलेलं खरं लिहा आणि परिस्थिती अतिरिक्त माहितीत नोंदवा. शाळेच्या कौन्सेलरलाही सांगून ठेवा, त्यांच्या पत्रात तो उल्लेख आला की प्रश्न मिटतो.

ग्रीन कार्ड आहे म्हणून ‘ट्रायो’ या सरकारी कार्यक्रमांकडेही पाहा. अपवर्ड बाउंड शाळकरी मुलांसाठी, स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस कॉलेजातल्यांसाठी. शिकवणी, मार्गदर्शन आणि अर्ज भरायला मदत मिळते. जागा मर्यादित असतात आणि कमी उत्पन्नाचीही अट बहुतेक जागांना असते, म्हणून कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात कार्यालय गाठा. एफ-वन (विद्यार्थी) किंवा एच-फोर (एच-वन-बीवाल्यांचे कुटुंबीय) व्हिसावर असलेल्या मुलांना हे कार्यक्रम लागू नाहीत. त्यांनी महाविद्यालयाच्या स्वतःच्या फर्स्ट जनरेशन गटाची चौकशी करावी.

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याकडचे, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायामुळे कोइमतूरला तीन पिढ्या. मुलाला इंजिनिअरिंगला ‘फर्स्ट ग्रॅज्युएट’ची सवलत मिळेल असं शेजारी म्हणाले. मुलाची मोठी बहीण बी. एस्सी. आहे.
– एक वाचक, कोइमतूर

उत्तर : मिळणार नाही आणि कारण आहे ती बहीण. तमिळनाडूची मोजणी अमेरिकेपेक्षा कडक आहे. तिथे आईवडिलांबरोबर दोन्हीकडचे आजीआजोबा आणि सख्खी भावंडं यांचंही शिक्षण पाहतात. त्यांतलं कुणीही पदवीधर असेल, तर दाखला मिळत नाही. ज्यांच्या घरी खरोखर कुणी नाही, त्यांनी ई-सेवै केंद्रातून महसूल खात्याकडे अर्ज करावा. शिधापत्रिका, घरच्यांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि स्वयंघोषणापत्र तयार ठेवावं. गलाई कुटुंबांची अडचण अशी की आजोबांचा दाखला खानापूर नाहीतर आटपाडी तालुक्यातल्या शाळेत असतो. बारावीचा निकाल लागल्यावर गावी पळण्यापेक्षा तो दिवाळीच्या सुट्टीतच काढून आणा. सवलत शिक्षण शुल्कापुरती असते, वसतिगृह आणि खानावळ त्यात नाही.

प्रश्न : असा ‘फर्स्ट ग्रॅज्युएट’चा दाखला महाराष्ट्रात कुठे मिळतो?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : तहसीलमध्ये त्यासाठी रांग लावू नका. आपल्याकडे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शुल्कसवलती प्रवर्ग आणि उत्पन्न यांवर ठरतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 8 लाखांची मर्यादा आहे, आईवडील कितवी शिकले याची नाही. खासगी संस्थांच्या शिष्यवृत्तीत हा प्रश्न विचारला, तर त्यांच्या अर्जातली व्याख्या वाचूनच उत्तर द्या. कुणी फक्त आईवडील धरतं, कुणी सगळं कुटुंब.