शाळा सुटल्यावर पॅटिस

‘ताई, माझा नातू चौथीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या फाटकाशी पोहोचलं की त्याचं पोट दुखायला लागतं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. त्याचा चेहरा बघवत नाही, म्हणून मी अ‍ॅक्टिव्हा वळवतो, वाटेत बेकरीत पॅटिस घेतो आणि घरी आणतो. मग दिवसभर तो माझ्याजवळच बसून असतो. सूनबाई म्हणते नाटकं आहेत, तुम्हीच लाडावलंय. मुलगा म्हणतो, हल्ली खूप मुलांना अँग्झायटी असते, डॉक्टरला दाखवू. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. खरंच इतक्या मुलांना असतं, की हे नवं फॅड?
ता. क. ऑक्टोबरात माझी अँजिओप्लास्टी झाली. आता ठणठणीत आहे.’
– एक आजोबा, कर्वेनगर

काका, नमस्कार.

आधी ‘फॅड’चा निकाल लावू. २७ देशांतले ४१ अभ्यास एकत्र करून २०१५ साली काढलेला अंदाज असा, की साधारण साडेसहा टक्के मुलांना चिंतेचा विकार असतो. म्हणजे ६० जणांच्या तुकडीत जवळपास चार. आपल्याकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. महानगरांत तोच आकडा १३.५ टक्के. कोविडनंतर ‘पाचातल्या एका मुलाला’ असे मथळे आले होते, तुमच्या मुलाच्या डोक्यात बहुधा तेच असतील. पण ते प्रश्नावलीतून दिसलेल्या लक्षणांचे आकडे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागणं म्हणजे विकार नव्हे. भीतीपायी शाळा, खेळ, झोप असं रोजचं जगणंच अडायला लागलं आणि ते आठवडेच्या आठवडे चाललं, की तिला विकार म्हणायचं.

तुमच्या वेळीही ही मुलं होती, काका. त्यांना ‘भित्रट’ म्हणत आणि तालमीत पाठवत. माझ्या बाकावरची एक मुलगी तोंडी परीक्षेच्या दिवशी हमखास ओकायची. बाई तिला लिंबू हुंगायला द्यायच्या, तेवढाच उपचार. अशी मुलं कुणाला त्रास देत नाहीत, प्रगतिपुस्तकात ‘शांत, आज्ञाधारक’ असा शेरा मिळवतात, म्हणून मोजली जात नाहीत.

सूनबाईंना सांगा, पोट खरंच दुखतं. घाबरल्यावर आतड्यांची हालचाल बदलते, पोटात कळ येते, आणि सोनोग्राफीत यातलं काही दिसत नाही. मात्र वजन घटलं, ताप आला किंवा दुखण्याने तो रात्री झोपेतून उठायला लागला, तर पुन्हा बालरोगतज्ज्ञ गाठा. वर्गात कुणी छळतंय का, वाचायला जड जातंय का, तेही एकदा हळूच काढून घ्या.

आता तुमचा ता. क. अख्ख्या पत्रात मला तोच महत्त्वाचा वाटला. ऑक्टोबरात आजोबांना हॉस्पिटलात नेलं, आणि दिवाळीनंतर नातवाचं पोट दुखायला लागलं. तो घरी येऊन खेळत नाही, टीव्ही लावत नाही, तुमच्याजवळ बसतो. मला तर वाटतं, तो तुमच्यावर पहारा देतोय. आपण शाळेत असताना आजोबांना काही झालं तर? जवळच्या माणसापासून लांब जाण्याची ही भीती मुलांमध्ये नेहमीची आहे. माझा अंदाज चुकलाही असेल, पण त्याला विचारा. त्या दिवशी काय झालं, डॉक्टरांनी काय केलं, आता कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगा. ‘मला काही होणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. पोरं हुशार असतात.

आणि गाडी वळवणं थांबवा. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय, कारण तुम्ही मायेनेच वळवता. पण फाटकावरून परतलं की त्याची भीती लगेच ओसरते, आणि परतलो म्हणूनच वाचलो, असं मन शिकतं. दुसऱ्या दिवशी फाटक आणखी मोठं दिसतं. एकदम अख्खा दिवस नको. वर्गशिक्षिकेशी बोलून पहिले काही दिवस मधल्या सुट्टीपर्यंत ठरवा, मग वाढवत न्या. पोट दुखलं तर दहा मिनिटं ग्रंथालयात बसेल, घरी येणार नाही. शाळेतून फोन केला तर ठरल्या वेळी एकदाच. निरोपाचं वाक्यही एकच: ‘साडेबाराला इथेच उभा आहे.’ आणि साडेबाराला खरंच तिथे असा.

दोन-तीन आठवड्यांत फरक दिसला नाही, तर मुलाचं ऐका. मुलांबरोबर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे न्या. ही भीतीला पायरीपायरीने सामोरं जायची पद्धत तेच नीट शिकवतात. तिला सीबीटी म्हणतात. अमेरिकेत ४८८ मुलांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या या उपचाराने जवळपास ६० टक्के मुलं बरीच सुधारली, सोबत औषध दिल्यावर ८१ टक्के. खासगी फी जड वाटली तर ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत फुकट बोलता येतं.

पॅटिस बंद करा असं मी म्हणत नाही. साडेबारानंतर द्या. त्याला एक. तुम्ही खायचं की नाही, ते तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारलंत का?

– ताई