‘मला काय धाड भरलीय?’

प्रश्न : माझे वडील ७८ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक. आई गेल्यापासून फोंड्याकडच्या आमच्या गावी एकटेच राहतात. मी मडगावला, भाऊ दुबईला. बाबांनी जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही; आई गेली तेव्हाही रडले नाहीत. फोन केला की ‘मला काय धाड भरलीय?’ हल्ली त्यांनी कुळागराचे, म्हणजे पोफळीच्या बागेचे, कागद भावाच्या नावे केले, पेटी भजनी मंडळाला देऊन टाकली. परवा म्हणाले, ‘आता तुमच्यावर माझा भार नको.’ मी उगाच घाबरतेय का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : उगाच नाही, ताई. नुसते कागद केले असते तर मी म्हटलं असतं, मास्तर आहेत, निरवानिरव वेळेवर करणारच. पण जिवाभावाची पेटी दिली, वर ‘भार’ही बोलून दाखवला. तेव्हा शनिवारची वाट बघू नका, आजच घरी जा. समोर बसून सरळ विचारा, ‘बाबा, जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने हे खूळ डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. ‘हो’ म्हणाले, किंवा उत्तर टाळून गप्प झाले, तर त्यांना एकटं सोडू नका. बांबोळीला मनोविकार संस्थेत घेऊन जा. वेडाचा शिक्का बसेल म्हणून नातेवाईक कुरकुरतील, कुरकुरू देत. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, तुम्हीही लावू शकता. फवारणीची औषधं आणि साठलेल्या गोळ्या त्याच दिवशी त्यांच्या हाताबाहेर ठेवा.

आता त्यांच्या स्वभावाविषयी. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभराच्या मुलांचं निरीक्षण केलं होतं. आई खोलीबाहेर गेली की काही मुलं आकांत करत, ती परतली तरी शांत होत नसत. काही मात्र खेळण्यातून मानही वर करत नसत. गुणी बाळं वाटायची. पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. तुमचे बाबा मला या दुसऱ्या गटातले वाटतात. पत्रावरून एवढंच म्हणता येतं, हे निदान नव्हे. जवळच्यांवर विसंबायचंच नाही, ही अशा माणसांची जन्माची सवय. म्हातारपणी गुडघे, डोळे दुसऱ्याचा हात धरायला लावतात, आणि त्यांना ती मदत न वाटता आपणच ओझं झालोय असं वाटू लागतं. आईंनी न बोलता जे सांभाळलं असेल, तेही आता गेलं. पहिल्या गटातल्या मुलांसारखे, दिवसातून दहा फोन करणारे वडीलही धोक्यात असू शकतात, त्यांना ‘नाटकं’ म्हणून झिडकारू नये. पण त्यांचं दुखणं निदान ऐकू तरी येतं.

‘काही हवंय का?’ या प्रश्नाला बाबा ‘नको’च म्हणणार. त्यांच्याकडेच काहीतरी मागा. नातवाचं व्याकरण कच्चं असेल तर रोज संध्याकाळी फोनवर शिकवणी ठेवा. मंडळातल्या कुणाला तरी सांगा, एकादशीला पेटीवर मास्तरच हवेत म्हणून न्यायला या.

झोप, भूक कमी झालीय का तेही बघा. ‘वयच झालं’ म्हणून उदासी सोडून देऊ नका. गोव्यातच साठीपुढच्या १८१ जणांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी एका गटाला झोपेची घडी बसवायला आणि रोजच्या अडचणी सोडवायला शिकवलं. वर्षभरात त्या गटात तीव्र नैराश्य सुमारे ४ टक्क्यांना आलं, असं न शिकवलेल्या दुसऱ्या गटात १४ टक्क्यांना. भावाला आज रात्रीच फोन करा, आणि कागदांचा विषय काढू नकोस म्हणावं.