कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतोय की नाही, हे कसं तपासायचं?

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४२० आला आणि मेकॅनिक म्हणतो कन्व्हर्टर बदला, असं तुम्ही लिहिलंय. तपासल्याशिवाय अजिबात बदलू नका. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनचा धूर स्वच्छ करणारा डबा, त्याच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन सेन्सर असतो. तो पुरेसं काम करत नाही असा गाडीच्या कॉम्प्युटरला मागच्या सेन्सरवरून संशय आलाय, एवढंच तो कोड सांगतो. संशय म्हणजे निकाल नव्हे.

माझ्याही गाडीत हाच कोड आला होता. गॅरेजवाल्याने खाली वाकूनसुद्धा न बघता "कॅट गेला" म्हणून सांगून टाकलं. सोबत माझे साडू होते, ते म्हणाले, "तो रोज गाड्या बघतो, तुम्ही काय त्याला शिकवणार?" मी गाडी तशीच घरी आणली. सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि कान देऊन ऐकलं. खालून टिक-टिक येत होतं, इंजिन तापलं की बंद. पुढचा सेन्सर आणि कन्व्हर्टर यांच्या मधल्या जोडावर, गॅस्केटच्या (जोड घट्ट बंद ठेवणाऱ्या पट्टीच्या) कडेने काजळीची काळी रेघ उमटलेली. धूर बाहेर पडतो तिथूनच दोन झोतांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते, आणि त्या हवेतल्या ऑक्सिजनमुळे मागचा सेन्सर फसतो. गॅस्केट बदललं, कोड पुसला, तो परत आला नाही. साडू अजूनही म्हणतात, "नशीब तुमचं." यात नशिबाचा काय संबंध? लाइव्ह डेटा, म्हणजे स्कॅनरवर दिसणारे सेन्सरचे चालू आकडे, समोर होता!

तो डेटाच बघायचा असतो. गाडी चांगली फिरवून आणा, कारण कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला कामाला लागतो. मग २५०० आरपीएमवर धरून दोन्ही सेन्सरचे ग्राफ लावा. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत असेल तर कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतोय, म्हणजे ठीक आहे. मागचा पुढच्याची नक्कल करत असेल आणि कुठेही लीक नसेल, तरच कन्व्हर्टर गेला म्हणा.

कन्व्हर्टर चोक होणं, म्हणजे तुंबणं, हे वेगळं दुखणं. गाडी ओढत नाही, आरपीएम चढत नाही. व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते दाखवणारं मीटर) लावून २५०० वर धरलं आणि काटा हळूहळू खाली यायला लागला, तर एक्झॉस्ट तुंबलाय. थंड असताना रबरी हातोडीने ठोकल्यावर आत खडखडलं तर सिरॅमिकची जाळी फुटलेली असते. पुढचं-मागचं तापमान मोजायची युक्ती सगळे सांगतात, पण हल्लीच्या गाड्यांत धूर मुळातच इतका स्वच्छ असतो की फरक कमीच येतो. त्यावर निकाल देऊ नये.

कोड वाचणं म्हणजे निदान, असं मानणाऱ्याकडे गाडी देऊच नका. "मागच्या सेन्सरचा ग्राफ दाखवा," एवढंच म्हणा. ज्याला काम येतं तो दाखवतो.

हे सगळं पेट्रोल गाडीचं, डिझेलचं गणित वेगळं. आणि पुढे साध्या ऑक्सिजन सेन्सरऐवजी एअर-फ्युएल सेन्सर असेल तर तो असा वरखाली होत नाही, तेव्हा फक्त मागचा बघा. कन्व्हर्टर खरंच गेला असेल तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) किंवा ऑइल जळणं आधी थांबवा, नाहीतर नवाही तसाच जाईल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, आत्ताच गाडी चालवणं बंद करा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि जाळी वितळते.