पीएचडी करताना ख्रिस्ती श्रद्धा बाजूला ठेवावी लागते का?

नाही. वनस्पतिशास्त्रात संशोधन करायचंय, पण विभागातले लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्याच विषयातले फादर सांतापाव आठवा. स्पेनहून आलेले हे जेझुइट (कॅथलिक चर्चमधल्या एका धर्मसंघाचे) धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवत. खंडाळ्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं हिंडून त्यांनी तिथल्या वनस्पतींची नोंद केली. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले, १९६७ मध्ये पद्मश्री मिळाली.

श्रद्धा आणि विज्ञानाची सरमिसळ मात्र करू नका. बेल्जियमचे भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज लमेत्र १९२३ मध्ये धर्मगुरू झाले आणि १९२७ मध्ये त्यांनी विश्व प्रसरण पावतंय असं गणिताने मांडलं. १९५१ मध्ये खुद्द पोप पायस बारावे यांनी नव्या विश्वशास्त्राचा संबंध सृष्टीच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्रच अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत निरीक्षणं आणि समीकरणांवरच तपासला जावा, हा त्यांचा आग्रह होता. देवावर प्रेम करणाऱ्या माणसाने पुराव्याचा एवढा मान राखला, हे मला फार भावतं.

म्हणजे प्रबंधात फक्त पुरावा. श्रद्धा दिसू द्या ती वागण्यात: नको असलेले आकडे न लपवण्यात, ज्युनिअरच्या कामाचं श्रेय त्यालाच देण्यात. कुणी विचारलंच तर सरळ सांगा, वाद घालत बसू नका. आणि रविवारी फील्डवर्क आलं तर गाइडशी आधीच बोला. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळची मिस्साही (चर्चमधली सामूहिक उपासना) रविवारची धरली जाते.