बारावीनंतर आयटी कंपनीत नोकरी आणि सोबत पदवी: उमरेडहून येणाऱ्या मुलीला झेपेल का?

दादा, तुमची बहीण बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे, आणि नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागातल्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात तुमच्या हाती लागली आहे: आधी प्रशिक्षण, मग नोकरी, नोकरीसोबत पदवी. तिला हे झेपेल का आणि ती पदवी खरी असते का, असं तुम्ही विचारलंय. मी याच वाटेनं आले. माझं पदवीचं शेवटचं सत्र सुरू आहे, म्हणून लिहिते.

२०२१ ला आमची बारावीची परीक्षाच रद्द झाली. सीईटी दिली, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके पर्सेंटाइल नव्हते आणि खासगी कॉलेजची फी आमच्या घराला पेलणारी नव्हती. बाबा कळमना मार्केटला मापारी आहेत. अशाच एका योजनेत मी २०२२ ला लागले. प्रशिक्षणाची फी होती. ती कर्ज काढून भरली आणि नंतर पगारातून हप्ते गेले.

प्रशिक्षणाचं वर्ष कठीण नसतं, ते फक्त दमवतं. जावा, एसक्यूएल, लिनक्स, दर आठवड्याला चाचणी आणि इंग्रजीत बोलायचा सराव. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा मुलींना पहिले तीन महिने धडकी भरायची, मग जीभ आपोआप वळली. बहिणीचं इंग्रजी कच्चं असेल तर त्यावरून तिला मागे ओढू नका.

खरी कसोटी नोकरी लागल्यावर सुरू होते, आणि ती कामाची नसते. पगार खात्यात येऊ लागतो, घरचे खुश होतात, आणि पदवी हळूच मागे पडते. सोमवार ते शुक्रवार तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं काम, शनिवारी ऑनलाइन लेक्चर, रविवारी असाइनमेंट. माझ्यासोबतच्या एका मुलानं तिसऱ्या सत्रात परीक्षा सोडली, "पुढच्या वेळी देतो" म्हणाला. पुढची वेळ आलीच नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत मुलाखत उत्तम झाली आणि कागदपत्रांच्या पडताळणीत पदवीच्या रकान्यापाशी सगळं अडकलं. काम त्याला माझ्यापेक्षा चांगलं येतं. मला अजून हळहळ वाटते.

पदवी निव्वळ कागदासाठी करायची, असं ऑफिसात खूप जण सांगतील. मला ते पटत नाही, कारण माझ्यासोबत एक गोष्ट घडली. आमच्या प्रोजेक्टमध्ये रात्री चालणारा एक प्रोग्रॅम आठवड्यातून दोनदा तरी मध्येच पडायचा. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, 'डेडलॉक' दिसायचं, आणि आम्ही काय करायचो तर तो पुन्हा चालवायचो. पुन्हा चालवला की चालायचा, म्हणून कोणी खोलात गेलं नव्हतं. त्याच महिन्यात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरसाठी मी डेडलॉकच्या चार अटी पाठ करत होते: वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते, हातातली धरून ठेवून दुसरीची वाट पाहिली जाते, कोणाच्या हातून ती हिसकावता येत नाही, आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ तयार होतं. चारपैकी एक अट मोडली तरी डेडलॉक होत नाही. मेट्रोत हे वाचत असताना एकदम डोक्यात आलं. आमचा एक प्रोग्रॅम आधी ऑर्डरची नोंद लॉक करत होता, म्हणजे काम होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू देत नव्हता, मग स्टॉकची. दुसरा आधी स्टॉकची, मग ऑर्डरची. दोघं एकमेकांच्या हातातल्या वस्तूची वाट पाहत बसायचे, आणि शेवटी डेटाबेस त्यातल्या एकाला मारून टाकायचा. दोन्हीकडे लॉकचा क्रम सारखा केला की वर्तुळच होत नाही. बदल चार ओळींचा होता. सीनिअरनं तो तपासला, मान्य केला, आणि त्यानंतर तो प्रोग्रॅम त्या कारणानं पडला नाही. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजे मार्केटातल्या गल्लीसारखं झालं. दोन गाड्या समोरासमोर, मांगं कोनीच घेत नाही. एकाच बाजूनं आत सोडलं असतं तं अडलंच नसतं." अगदी तेच होतं.

कॉलेजात असते तर ती व्याख्या मी पेपरात लिहून विसरले असते, आणि नुसती नोकरी केली असती तर तो प्रोग्रॅम आजही पुन्हापुन्हा चालवत असते. ही वाट मला त्यासाठीच आवडते.

आता कागदांचं. करार नीट वाचा. तिला कंपनीची कर्मचारी म्हणून घेणार की शिकाऊ उमेदवार म्हणून, ते आधी पाहा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलं तर ती प्रशिक्षणार्थी ठरते, कामगार नाही. तिला विद्यावेतन मिळतं, पीएफ लागू होत नाही, आणि पुढच्या नोकरीबद्दल करारात काय लिहिलंय तेच महत्त्वाचं ठरतं. फी किती, मध्येच सोडलं तर किती भरायचं, हे आकड्यात लिहून घ्या. मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

पदवीचं म्हणाल तर ती बहुधा दूरस्थ किंवा ऑनलाइन बीएस्सी वा बीसीए असते. मान्यता असलेल्या विद्यापीठाची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. पण त्या विद्यापीठाला, त्या अभ्यासक्रमासाठी, त्याच वर्षी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः तपासा. कोणी दूरस्थ बीटेक देतो म्हणाला तर तिथून उठून या. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीनं घेता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०१७ चा निकाल आहे.

राहण्याचं सांगते. उमरेडहून रोज जाणं-येणं करू देऊ नका. तासन् तास एसटीत गेले तर अभ्यास कधी करणार? मी शहरातच राहते, तरी सुरुवातीला सीताबर्डीपर्यंत ऑटोनं जाऊन मेट्रोची ऑरेंज लाइन धरायचे आणि घरी येईपर्यंत जीव जायचा. डिसेंबर २०२२ ला आमच्या बाजूची, प्रजापती नगरची मेट्रो सुरू झाली. आता सीताबर्डीला गाडी बदलून थेट मिहानजवळच्या खापरीला उतरते, पुढे कंपनीची बस. माझा अर्धा अभ्यास त्या डब्यातच झालाय. मेट्रोजवळ कोणी नातेवाईक असतील तर उत्तम, नाहीतर वर्धा रोडच्या बाजूला चांगली खोली बघा. शिफ्ट रात्री उशिरा सुटत असेल तर घरापर्यंत गाडी देतात का, हेही विचारून ठेवा.

आणि परीक्षेच्या सुट्ट्या. विद्यापीठाचं वेळापत्रक आलं की त्याच दिवशी तिनं मॅनेजरला मेल टाकायचा, तोंडी सांगून भागत नाही. माझ्या दुसऱ्या सत्रात पेपरच्या आदल्या रात्री रिलीज होतं, म्हणजे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चालू करायची होती. सुट्टी मी फक्त बोलून ठेवली होती आणि ज्यांच्याशी बोलले ते टीमचे लीड दुसऱ्या टीमला गेले होते. पहाटे तीनला लॅपटॉप बंद केला आणि दहाला पेपर दिला. पास झाले, पण तो विषय मला परत शिकावा लागला.

करार हातात आला की सही करण्याआधी पदवीबद्दलचं पान, बहिणीचं नाव झाकून, मला दाखवा. मी वाचून सांगते.